पाण्याच्या टाकीचा माणूस

मुक्काम : शेवटी कळेल

तीर्थस्वरूप ओलिव्हरदादास,

धाकट्या टेरेन्सचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांमुळे आठांपैकी सहाच अंगं टेकतात, उरलेली दोन भावनेने टेकली असं समजावं.) तुझा रक्तदाब, वहिनीचा संधिवात आणि तुमच्या पंधराव्या मजल्यावरची हवा, तिन्ही ठीक असावीत. इकडे ठाकुर्लीत तुझी भावजय लिओना खुशाल आहे आणि मी सुधारतो आहे. आजार नव्हता, स्वभाव होता.

तीन वर्षं आपण बोललो नाही. कारण तुला माहीत आहे, तरी एकदा माझ्या हस्ताक्षरात असू दे. तुझ्या विनिताच्या लग्नात तू माइक घेऊन बोलत होतास, आणि मी पहिल्या रांगेतून तुझं संस्कृत वचन दुरुस्त केलं. (दोनदा. दुसऱ्यांदा उभा राहून.) लोक हसले, तू माइक खाली ठेवलास, आणि लेकीला जे सांगायचं होतं ते राहूनच गेलं. तेव्हापासून मी स्वस्थ बसलो होतो असं मात्र समजू नकोस. दर बुधवारी चर्चमध्ये नोव्हेनाच्या प्रार्थनेला जाऊन विनंत्यांच्या पेटीत चिठ्ठी टाकत होतो. चिठ्ठीवर नाव लिहायचं नसतं, त्यामुळे भक्त निर्धास्त असतो. पण गेल्या महिन्यात चिठ्ठ्या वाचायला चर्चच्या गायनवृंदातली ॲनी उभी राहिली (जोडाक्षर दिसलं की तिला दम लागतो) आणि तिने नेमकी माझीच उचलली : ‘हे करुणासिंधो, माझ्या ज्येष्ठ बंधूचे पाषाणहृदय द्रवू दे आणि त्यास क्षमायाचनेची सुबुद्धी दे.’ अख्ख्या चर्चमध्ये संस्कृत शिकवणारा एकच. दोनशे माना त्याच्याकडे वळल्या. “चूक तुझी, आणि माफी त्याने मागायची?” असं लिओना कुजबुजली, म्हणजे पुढच्या चार रांगांना ऐकू आलं.

नंतर फादरांनी मला बाजूला घेतलं. वयाने माझ्या विद्यार्थ्याएवढे. उपदेश आपणच करावा अशा तयारीत मी होतो. ते म्हणाले, “सर, प्रभूने मेलेल्या लाझारसला हाक मारली. पण कबरीतून चालत बाहेर लाझारसच आला ना?” उद्योगाची सुभाषितं मी सव्वीस वर्षं मुलांकडून घोकून घेतली, मला एकही लागलं नव्हतं. हे लागलं. तीन वर्षं मी देवाला तुझ्याकडे कामाला धाडत होतो, आणि स्वतः कबरीत पाय पसरून निकालाची वाट पाहत होतो. यावर लिओनाचं भाष्य : घोडबंदर रोडला तुमच्याकडे जायला देवदूत लागत नाही, बस मिळते.

बस मिळाली. कोंडीत दीड तास गेला, तेवढ्यात माफीचं भाषण मुखोद्गत झालं. मग तुमच्या गेटवर वॉचमनने वही पुढे केली. नाव लिहिलं, नंबर लिहिला. ‘काम’ या रकान्याशी पेन अडलं. खरं लिहावं, तर खांद्यावरून कुरियरवाला वाचतोय. धीर सुटला. लिहिलं : पाण्याची टाकी. दादा, तुमच्या सोसायटीत टाकीवाल्याची एवढी प्रतीक्षा चालली असेल याची मला कल्पना नव्हती. मला थेट गच्चीवर नेण्यात आलं. (लिफ्टमध्ये ‘पंधरा’चा दिवा लागला, आणि विझला. तो क्षण विनोदी नव्हता.) सेक्रेटरी साईनाथराव धावत आले. मी टाकीत डोकावलो, झाकण वाजवलं, दोन गंभीर प्रश्न विचारले आणि चहा पिऊन घरी आलो. भेकडपणा एक, खोटं एक. शनिवारी दोन्ही कन्फेशनमध्ये सांगितली. फादरांनी प्रायश्चित्त म्हणून एकही प्रार्थना दिली नाही. “परत जा,” एवढंच म्हणाले.

तेव्हा लिहितो. चूक माझी. तुझी नाही, माइकची नाही, देवाची तर नाहीच. मला माफ कर. बदलायचं होतं ते मला, आणि मी बदलेन. बळ ख्रिस्त देईल, पावलं मात्र मलाच टाकायची आहेत (गुडघ्यांसकट).

तुझा धाकटा,
टेरेन्स

ता. क. १ : ते वचन मी लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी पुस्तकात पाहिलं. तू बरोबर होतास. पेटीत सगळं टाकलं, एवढंच टाकलं नव्हतं.

ता. क. २ : टाकीचं झाकण खरोखरच तडकलेलं आहे.

ता. क. ३ : हे पत्र पोस्टाने आलेलं नाही. ते मी कुरियरवाल्याच्या हाती वर पाठवलं आहे आणि खाली वॉचमनशेजारी बसलो आहे. आज ‘काम’ रकान्यात खरं तेच लिहिलं, पण तो रकाना कुणी वाचत नाही. वॉचमनने मला ओळखून टाकीवाला आल्याचं साईनाथरावांना कळवलंही आहे. ते यायच्या आत इंटरकॉम उचल आणि मी तुझा कोण ते या वॉचमनला सांग. वर माझा मी येतो.