मक्केच्या खालून जाणारी रेष

अब्बा,

गॅरेज उद्या दुसऱ्याच्या ताब्यात जाणार, म्हणून आज कंपनीत सुट्टी टाकून पिंपळे गुरवला आले. पत्र्याच्या आडोशामागे तुम्ही नमाज पढायचात, तिथे तुम्ही गेल्यापासून भाईने जुने टायर रचले होते. ते हलवले. फरशीवर एक नाही, दोन रेषा आहेत.

पांढरी मला ठाऊक होती. सूर्य मावळतो ती बाजू धरून तुम्हीच मारलेली. नमाजाच्या चटईची कड तिला लावून ठेवायचात. तो दिवस अजून आठवतो: मी सातवीत आहे. तुमचा डबा घेऊन येते ती भूगोलाची वही नाचवतच. नकाशावर पट्टी ठेवून आपल्या गावावरून आडवी रेष काढलीय: अरबी समुद्र, ओमान, लाल समुद्र, सुदान, माली, हैती, मेक्सिको, मग पॅसिफिक ओलांडून व्हिएतनाम, ब्रह्मदेश आणि परत आपल्या दारात. शेजारी मक्केपर्यंत दुसरी, थोडी तिरपी. "अब्बा, सरळ पश्चिमेला मक्का नाहीच! ती वर राहते. तुम्ही सुदानकडे तोंड करून नमाज पढता." गिऱ्हाईक हसलं. तुम्ही हातातला पाना खाली ठेवलात. "आता तू मला किब्ला शिकवनार व्हय? जा घरी." मी डबा आणि वही तिथेच टाकून पळाले. त्यानंतर तुमच्यासमोर भूगोलाचं नाव काढलं नाही, आणि वहीही मागितली नाही.

दुसरी रेष पिवळी आहे, नंबरप्लेटच्या रंगाने मारलेली. पांढरीपासून जेमतेम पाच अंश उजवीकडे. माझ्या वहीतली तिरपी रेष तेवढीच कललेली होती. म्हणजे तुम्ही वही उघडली होतीत.

मग फोनवरच्या होकायंत्रात मक्केकडचा किब्ला पाहिला. काटा पिवळीच्याही पुढे, जवळजवळ तितकाच आणखी उजवीकडे. चाकणला कंपनीत दिवसभर मापंच घेते मी, आणि हे मला कळत नाही. पृथ्वी गोल, म्हणून कागदावरची सरळ रेष खरी सरळ नसते म्हणे. तीनदा वाचलं, डोकं गरगरलं. म्हणजे आधी तुमचं चुकलं, मग माझं ऐकून पुन्हा चुकलं? न राहवून मशिदीतल्या मौलानांना फोन केला. ते म्हणाले, "बेटी, एवढ्याशा फरकानं नमाज वाया जात नाही." मग तुम्ही वळलातच कशाला? आणि वळलात, तर एका शब्दाने सांगितलं का नाहीत? मला तुमचा राग येतोय आणि रडूही येतंय, आधी काय करावं तेच समजेना.

हे पत्र पर्समध्ये घालून परत नेणार आहे, दुसरं करणार काय? एक मात्र तुम्हाला कधी सांगायचं धाडस झालं नाही. मी नमाज सोडून कितीतरी वर्षं झाली. मघाशी फोन बंद केला, सामान बांधायला घरून आणलेली चादर पिवळ्या रेषेला लावून अंथरली आणि उभी राहिले. काय पढायचं ते अर्धं विसरले होते.