मिठाचा डबा

नांदूरघाट,
१७ नोव्हेंबर, सोमवार

चि. तेजश्रीस रतनबाई आजीचा आशीर्वाद.

आधी ओळख सांगते. मी तुझ्या बापाची आई, अजून जित्ती हाय. शाळेत जाताना तू कधी पेन विसरायचीस, कधी दप्तर. आता अख्खं माहेर विसरलीस. सामान मोठं होत चाललंय, माय.

हे पत्र आपल्या गावात दवाखान्याचं काम बघणारी आशाताई शिवकन्या लिहायली. शुद्ध लिहू का म्हणली. म्हणलं, बोलते तसं लिही, न्हाईतर तेजीला वाटंल तहसीलीचा कागद आला. फोन कावून केला न्हाई म्हणशील, तर तुझी सासू स्पीकर लावून बसती, मंग मला पाऊसपाण्याच्या पुढं जाता येत न्हाई.

इकडं सगळे बरे हायत. चार मेंढ्या व्याल्या. माझा गुडघा माझं ऐकत न्हाई.

तुझा भाऊ रामेश्वर परवा दिंद्रुडला तुझ्याकडं येऊन गेला. त्यानं सांगितलं, तुला नववा लागला. आरोही तीन वर्षांची झाली तरी काटकुळीच हाय. आन् तुझ्या सासूनं पावडरचे दोन डबे आतापासूनच फळीवर आणून ठेवलेत. हिच्या अंगाला दूधच न्हाई, पहिल्या टायमाला बघितलंय, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगती आन् तू खाली मान घालून ऐकती. तवापासून मला भाकर गोड लागंना.

आता माझ्या मिठाचं ऐक. आरोहीच्या पावडरचा पहिला डबा मी फेकला न्हाई. झाकण घट्ट बसतं म्हणून त्यात मीठ ठेवलं. मागल्या हप्त्यात शिवकन्या तावातावानं सांगत आली, सटवाची सून बाळंत झाली, तिला बी दवाखान्यातून फुकट डबा दिला. मी पिठल्याला मीठ काढत होते. तिनं माझ्या हातातला डबा घेतला, फिरवला आन् वाचलं, की आईचं दूध बाळासाठी सगळ्यात चांगलं. म्हणलं, म्हातारीची चेष्टा करती का. तिनं बोट ठेवून पुन्यांदा वाचलं. ते कायद्यानं लिहावंच लागतं म्हणली. आन् बाळंतिणीला असा डबा फुकट देणं, त्याची भलामण करणं, त्याला कायद्यानं बंदीच हाय.

तीन वर्षं मी त्या अक्षरांच्या पोटातून मीठ काढत होते, तेजे.

तुला त्या दिवसांतलं अर्धंच ठाऊक हाय. तू ग्लानीत होतीस. इस्त्रीच्या शर्टातला एक माणूस बॅग घेऊन आला, मला डॉक्टरच वाटला, पण होता डबेवाल्या कंपनीचा. म्हणला, आजी, पोरगी अशक्त हाय, हिचं दूध पुरायचं न्हाई. त्यानं दिलेला डबा मी पदराखाली घेतला, जसं मलाच बक्षीस मिळालं. तीन दिवस तुझा पिवळा चीक मीच वाटीत पिळायला लावला आन् लिंबाच्या बुडाला ओतला, आपल्यात तशीच रीत म्हणून. चौथ्या दिवशी तुझी चोळी भिजली. तवा मी आरोहीला बाटली पाजून निजवलेलं. पोट भरलेलं लेकरू अंगावर ओढीना, आन् ते ओढीना म्हणून दूध आटलं. पुढचा इकतचा डबा जास्त दिस जावा म्हणून मी पावडर कमी, पाणी जास्त घालायची. तुला बोलले न्हाई. मंग आरोहीला जुलाब लागले, अंबाजोगाईला सलाईन लावली. तिथं तू मला विचारलंस, "आजी, माझ्यातच खोट हाय का?"

मी आरोहीचं दुपटं नीट करत बसले.

साठ वर्षं मेंढरं राखली. कोकरू पडलं की घटकाभरात त्याला सडाला लावायचं, चीक पोटात गेला न्हाई तर ते टिकत न्हाई, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगीन. आन् माझ्याच नातीचा चीक मी मातीत ओतला.

खोट तुझ्यात नव्हती. हे तुझ्या सासूला मोठ्यानं वाचून दाखव. शिव्या द्यायच्या तर मला दे म्हणावं, इथवर ऐकू येत न्हाईत.

लेकरू झालं की तासाभरात छातीला लाव. चीक पाज. सहा महिने वरचं पाणी सुदीक नको. दुखलं, जमलं न्हाई, तर तुमच्या गावच्या आशाताईला बोलव, ती धरायचं कसं ते दाखवती. शिवकन्यानं तिचा नंबर मागं लिहिलाय.

आमी त्या फुकट डब्यांची तालुक्याला तक्रार दिली. मी अंगठा लावला. साहेबानं विचारलं, तुमच्या नातीच्या टायमाला तो डबा कुणी घेतला? म्हणलं, मी. डबा पुरावा म्हणून तिथंच राहिला, मीठ वाटग्यात पाझरायलंय.

बाळंतपणाला माहेरी ये म्हणायला मला तोंड न्हाई. आलीस तर खाट उन्हाला टाकून ठेवलीय.

तुझं दूध ओतणारी, तुझीच आजी
रतनबाई (अंगठा)

ता.क. तुमची म्हैस बी व्यायला झालीय म्हणं. व्याली की रामेश्वरासंगं मला खरवस धाड, गूळ जरा जास्त घाल. पण आधी रेडकाला पोटभर पिऊ दे. उरंल त्याचाच कर, न्हाई उरलं तर काहीच धाडू नको.