पूजेआधी केलेला अपग्रेड

खंडेनवमी, संध्याकाळ. धायरी.

सकाळी ऑफिसात सगळे आपापली हत्यारं पुसत होते. मी सर्व्हरवरची धूळ काढली आणि वाटलं, आतलीही साफसफाई करावी. सॉफ्टवेअर बसवणाऱ्या-काढणाऱ्या पॅकेज मॅनेजर प्रोग्रॅमला कंपायलर, म्हणजे आमचा कोड यंत्राच्या भाषेत उतरवणारं हत्यार, अपग्रेड करायला सांगितलं. जुना काढून टाकू का, असं त्याने विचारलं. मी होकाराचं 'वाय' दाबलं. का दाबलं? एरवी मी प्रत्येक ओळ दोनदा वाचतो.

आमचा प्रोग्रॅम नव्यावर कंपाइल होतो का ते बघणार, तेवढ्यात मालक कुलकर्णी सर नारळ घेऊन आले. सर्व्हरला कुंकू लागलं, झेंडूचा हार पडला. "चला, उठा. पूजेनंतर हत्याराला हात लावायचा नाही." मी उठलो. तपासायचं तसंच राहिलं.

उद्या दसऱ्याच्या मुहूर्तावर हडपसरचे कारखानदार प्रोग्रॅम न्यायला येणार. तो कंपाइलच झाला नाही तर? जुना कंपायलर परत बसवता येईल, पण हात न लावता कसा? डिप्लोमा अर्धवट सोडलेल्या मला सरांनीच कामावर घेतलं. ते 'वाय' डोळ्यांपुढून हलत नाही.

शेवटी आत्ता सरांना फोन करून सगळं सांगितलं. मग विचारलं, "सर, आज हात लावला तर चालेल का?"

"हात तू सकाळीच लावलास," सर म्हणाले. "आता येऊन निस्तर. हार मी उतरवून ठेवतो."

निघतो.