चाचणीचं रेकॉर्डिंग

३ फेब्रुवारी, सोमवार
गावाहून, कन्नडहून, शहरात आलो आणि आज इथल्या शहागंजात नोकरीला लागलोसुद्धा! कमरोद्दीनचाचांचं कॅमेऱ्यांचं दुकान एवढंसं आहे, की आम्ही दोघं आत असलो की गिऱ्हाईक बाहेर. पहिल्याच दिवशी एका कापडाच्या दुकानात चार कॅमेरे बसवले. शिडीवर मी, खाली चाचांचा आरडाओरडा. शेवटी चाचणी. फिटरनं कॅमेऱ्यासमोरून चालायचं, गिऱ्हाइकानं मोबाइलवर बघायचं. मी नवरदेवाच्या थाटात चाललो. चाचांचा नियम एकच, तेवढं रेकॉर्डिंग लगेच पुसायचं. अपना चेहरा दूसरे के घर में नहीं छोड़ना, म्हणतात. मला हसू आलं, पण पुसलं.

९ फेब्रुवारी, रविवार
दुकानातले दोन जुने कॅमेरे मागून घेतले आणि घरी बसवून आलो. बाबा गेल्यापासून आई एकटीच, माझा सगळा जीव तिच्यात. एक दारावर, एक आतल्या खोलीत. चाचणीला दारातून आत आलो, भिंतीशी बसलो. पुसायला गेलो तर आईनं हात धरला. राहू दे रं सम्यक, आठवण आली की बघत जाईन, म्हणाली. तिला नाही कसं म्हणणार? मोबाइलवर कसं बघायचं ते शिकवलं आणि शेवटची एसटी पकडली.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
फोनवर आई भलतीच खुशीत. कालचं पिठलं लई तिखट झालं नव्हतं ना, असं विचारत होती. काल मी दिवसभर बिडकीनला एका गोदामात होतो. तसं सांगितलं तर हसली, थट्टा करू नको म्हणाली. बावन्न वर्षांच्या बाईला असा विसर पडतो का? एकटेपणानं होत असेल, म्हणून विषय सोडला.

१६ फेब्रुवारी
दुपारी सहज मोबाइलवर घर बघितलं. आईसमोर दोन ताटं. दुसऱ्या ताटावर मी. पाठमोरा, पण मीच. चाचणीच्या दिवशीचा निळा शर्ट, जो इथं दोरीवर वाळतोय.
फोन लावला. आईनं उचलला, त्याच्याकडं बघितलं आणि मला विचारलं, कोण बोलतंय?

१७ फेब्रुवारी
चाचांना सांगितलं. रागावले नाहीत, शटर अर्धं ओढून घेतलं. रेकॉर्डिंग पुसायला लावलं. तीनदा पुसलं. तो तिथंच.
शेजारच्या रूपाकाकूंना फोन करून आईला बघून या म्हटलं. काय सांगू, त्या म्हणाल्या, तू तर घरीच हायेस की, आत्ताच दारात दिसलास.

१८ फेब्रुवारी
आई दोन्ही ताटं त्याच्यापुढं सारते. स्वतः घासभरही नाही. किती वाळलीय! उठताना भिंत धरते. मीच त्याला घरात आणला. मला भयंकर भीती वाटतेय. उद्या पहिल्या गाडीनं —

१९ फेब्रुवारी, भर दुपार. आमच्या दारात
कडी आतून. सकाळपासून हाका मारून घसा बसला. आई क्षीण आवाजात म्हणाली, माझा लेक घरातच हाय, तुम्ही कोण? आई, मी सम्यक! तो उघडू नको म्हणतोय, एवढं बोलली आणि —
मोबाइलवर दारातला कॅमेरा बघतोय. पायरी आहे. माझी पिशवी आहे. मी नाही. लिहितोय, निदान अक्षर तरी दिसतंय —
रूपाकाकू आल्या. मी त्यांच्या तोंडासमोर ओरडलो. बघितलंच नाही. दाराशी वाकून विचारलं, सम्यक, आईला बरं हाय का?
आतून माझ्या आवाजात उत्तर आलं, झोपलीय ती.
काकू गेल्या.
मोबाइलवर आई जमिनीवर — तो ताटं उचलतोय — आई, हात हलव, एकदाच —