थोर लेखिकांची वाटणी

शारजा,
शुक्रवार, १२ मार्च १९९९

प्रिय प्रज्ञा,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. इथे पोस्टमन दारात येत नाही. टपाल प्रकाशच्या ऑफिसच्या पोस्ट बॉक्समध्ये पडतं आणि आठवण झाली की तो घरी आणतो. या वेळी पाकीट जाड होतं म्हणून आल्या आल्या हातात दिलं. तुझी सगळी प्रकरणं तयार आहेत आणि ‘अमेरिकेतल्या थोर लेखिका’ हे आपलं पुस्तक आता फक्त माझ्या अर्ध्या भागासाठी अडलंय. मेअखेर तो मिळाला नाही तर प्रकाशक पुस्तकाचा नाद सोडणार. आणि तू एका शब्दानेही रागावली नाहीस. चांगली झापली असतीस तर बरं वाटलं असतं.

तू सोबत पाठवलेलं प्रकरण काल एका बैठकीत वाचलं. ती कवयित्री, आयुष्यभर वडिलांच्या घरात राहिली, कवितांच्या छोट्या वह्या स्वतः शिवून ठेवून दिल्या. तिच्याविषयी सगळे हळहळतात. तू लिहिलंस, की दार लावून बसायला आधी आपली एक खोली असावी लागते, आणि खालच्या स्वयंपाकघरात राबणाऱ्या बाईला ती नव्हती. असं वाक्य तूच लिहावंस. एम.ए.ला असतानाही तू पुस्तकात नेमकं तिथेच बोट ठेवायचीस, जिथून आम्ही सगळे सरसर पुढे गेलेले असायचो.

येरवड्यातली तुमची ती खोली आठवते. गुलामीतून पळालेल्या एका आईची कथा तू वाचता वाचता मराठीत सांगत होतीस. तुझी आई पहाटे रस्ते झाडून आलेली, मेथी निवडत ऐकत होती. मध्येच हात थांबवून म्हणाली, “ही बाई आपल्यातलीच दिसती गं.” त्या दिवसापासून तुला काळ्या लेखिकांवरच लिहायचं होतं. तू ते कधी ओरडून सांगितलं नाहीस, पण मला माहीत होतं.

आणि पुस्तकाच्या वाटणीत तो भाग माझ्याकडे आला. दहा वर्षं झाली. लग्न, शारजा, अथर्व, मग ईश्वरी, मग शाळेतली नोकरी आणि पेपरांचे गठ्ठे. ही सगळी कारणं मी तुला कळवली. इथल्या रोल्ला बाजारातून तीन जाड रजिस्टरं आणली, टिपणांनी भरली, पण प्रकरण एकही झालं नाही. एका लेखिकेच्या कबरीवर कितीतरी वर्षं साधा दगड नव्हता. पुढे दुसऱ्या एका लेखिकेने गवत तुडवत ती जागा शोधली आणि दगड बसवला. एवढं लिहायचे आणि पेन थांबायचं. पुढचं प्रत्येक वाक्य उसनं वाटायचं. तुला मात्र दोन प्रकरणं झाल्याची थाप मारली. मग ती टपालात गहाळ झाल्याची दुसरी.

आमच्या बिल्डिंगमध्ये दापोलीकडची बदरुन्निसा कामाला येते. दर शुक्रवारी ती माझ्याकडून बहिणीला पत्र लिहून घेते. ती सांगते, मी लिहिते, आणि माझी खोड तुला ठाऊक आहे, वाक्यं जरा सजवते. मागच्या शुक्रवारी वाचून दाखवलं तर म्हणाली, “ताई, असं मी बोललेच नाय. ह्यो कुणा दुसरीचा कागद झाला.” मला कानकोंडं झालं. कागद फाडला आणि तिने सांगितलं तसं, तिच्याच शब्दांत लिहिलं. ती खुशीत गेली.

प्रज्ञा, आता सांगते. दोघींनाही तोच भाग हवा होता. तू म्हणालीस, भांडायचं कशाला, चिठ्ठ्या टाकू. चिठ्ठ्या मी केल्या. दोन्हींवर मी ‘गोऱ्या’ लिहिलं होतं. तू आधी उचललीस, आणि माझी मी न उघडताच चहाच्या कपात बुडवली. एम.ए.चे आपले सर म्हणाले होते ना, पुढची फेलोशिप काळ्या लेखिकांवरच्या कामाला मिळेल. मला ती हवी होती. ती मिळाली नाहीच. तू मात्र त्या चिठ्ठीचा शब्द पाळलास. दहा वर्षांत त्या लेखिकांवर एक लेखही लिहिला नाहीस, का, तर तो सुचित्राचा भाग आहे. मला स्वतःची लाज वाटते.

म्हणून आज बसले. प्रकाशचे मित्र अरुण गुरुवारी पुण्याला येताहेत, त्यांच्याबरोबर तिन्ही रजिस्टरं पाठवतेय. हवी ती टिपणं घे, बाकीची रद्दीत घाल. प्रकाशकांनाही आजच लिहिलं, की त्या भागावर माझा हक्क कधीच नव्हता, माझं नाव काढा आणि प्रज्ञाला दिवाळीपर्यंत मुदत द्या. क्षमा मागायला तोंड नाही, मागत नाही. या पत्राचं उत्तर दिलं नाहीस तरी समजून घेईन. माझ्यावर चिडायला पुढे आयुष्य पडलंय. तू आजच लिहायला बस.

अजूनही म्हणवत असेल तर तुझीच,
सुचित्रा