‘तर्री’ बँडचा चढा सूर

मी, संघपाल देवमन तायडे, वय सत्तावन्न, संस्कृतचा प्राध्यापक, राहणार अमरावती, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर, कोणाच्याही दडपणाविना लिहून ठेवतो. शुक्रवारी माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. बुद्धी शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. पत्नी मायाचे मत राखीव आहे.

१. राहते घर व बँकेतील शिल्लक मायाची. भिंतीच्या ओलीवरून शेजाऱ्यांशी चाललेला वादही तिचाच. ती माझ्यापेक्षा चांगले भांडते.

२. माझी गिटार व बाबांची पेटी मुलगी माधवीला. बाबा गायन पार्टी घेऊन भीमगीते गात गावोगाव फिरत. लाउडस्पीकर प्रत्येक वस्तीच्या नशिबी नसे. शेवटच्या घरापर्यंत गाणे पोचावे म्हणून त्यांनी पेटीतल्या पितळी पात्या कानशीने घासून सूर चढवला. पेटी कोणाकडूनही ‘दुरुस्त’ करून घेऊ नये.

आम्ही ‘तर्री’ हा रॉक बँड काढला तेव्हा गिटार याच पेटीच्या सुरात लावली. वाजवणे शिकलो इंग्रजी कॅसेटींवरून, चाली घेतल्या बाबांच्या, आणि चाराच्या ठेक्याचा कंटाळा आला म्हणून पाचात चालणारे भुजंगप्रयात वृत्त घातले. वरातीत ढोल वाजवणारे किसनराव पहिल्या दिवशी म्हणाले, “याले भुजंग म्हनतेत? हा तं लंगडून राहिला!” मग त्यांनी त्याला असा पळवला की कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये प्राचार्यांनी वीज बंद करवली. ढोलाला वीज लागत नाही, हे प्राचार्यांच्या ध्यानात आले नव्हते.

३. ढोलाचे नवे चामडे माझ्या खर्चाने किसनरावांना.

४. आमच्या एकमेव ध्वनिमुद्रणाच्या मूळ फिती माधवीच्या. आमचा कीबोर्डवाला जीवन याचा आता अकोल्याला स्टुडिओ आहे. त्याला त्या नव्याने बाजारात आणायच्या आहेत. सूर खाली उतरवून, ढोलाच्या जागी यंत्राचा ठेका घालून. परवा घरी येऊन म्हणाला, “भाऊ, कॉम्प्युटर एका क्लिकमधी सूर जागेवर आनते. नाई तं लोकं बेसुरे म्हनतीन तुमाले.”

“जागा कोणाची रे?” मी विचारले.

“साऱ्या जगाची!”

“मंग जगाले सांग, पेटी घेऊन ये म्हनाव.”

मायाने चहा ठेवत म्हटले, “ऑपरेशनच्या आधी तं भांडण मिटवा न जी!”

मिटवतो. म्हणून खालील कलम.

५. फितींतील सूर एका केसानेही उतरवू नये. ढोल काढू नये. शस्त्रक्रियेतून मी परत आलो नाही, तर माझ्या आठवणीखातर ‘थोडेसे’ साफ करण्याची गळ जीवन माधवीला घालेल. माधवी, नाही म्हण. बाबांनी जो सूर शेवटच्या घरासाठी चढवला, तो दिवाणखान्यासाठी उतरवण्याचा अधिकार मलाही नव्हता. तुला मी तो देत नाही.

जीवनवर मात्र अन्याय नको. त्याने वाजवलेला कीबोर्ड फितीच्या स्वतंत्र ट्रॅकवर आहे आणि तो त्याचा आहे. या सुराची लाज वाटत असेल तर त्याने आपला तेवढा भाग काढून न्यावा. रिकाम्या जागी काहीही भरू नये. तिथे किसनरावांचा ढोल अधिक स्पष्ट ऐकू येईल.

वाचून, समजून, आवाज न उतरवता सही केली.

संघपाल देवमन तायडे

आमच्यासमक्ष सही झाली. साक्षीदारास मृत्युपत्रातून काही मिळत नाही, हे ऐकूनही थांबलो:
१. खुशालराव इंगोले
२. शकुन गवई

अमरावती, दि. १२ नोव्हेंबर २०२५