दीक्षा देणारा

अड्याळ, रविवार, २ फेब्रुवारी २०२५

दिवाळीपासून एक ओळ लिहिली नाही. क्षमा असावी! कारण काही नाही, आळस.

सकाळी थोरले बंधू आनंदरावदादा आले. त्यांच्या तृप्तीचं लग्न ठरलं — सिहोऱ्याच्या खुशालशी. त्याच्या घरचे हिंदू, धानाची शेती; तरी तयार आहेत. दादांची अट एकच. "पयले दीक्षा. पुढच्या रविवारी विहारात तूच दे, लगन बी तूच लाव. घरचा बौद्धाचार्य कायले ठेवला!"

हो म्हणालो. लगेच म्हणालो, तेच खुपतंय.

आमच्याकडे ‘दीक्षा’ या शब्दावरून वयं मोजतात. "दीक्षेच्या साली तुहा बाप पयलीत होता," आई म्हणायची. आजोबा नागपूरहून दीक्षा घेऊन परतले आणि घरातले देव तलावात सोडून आले. आणि आता? लग्नाआधी हॉल बुक करावा तशी दीक्षा!

बुधवार, ५

खुशालला फोन केला. बावीस प्रतिज्ञा आधी एकटा बसून वाच, म्हटलं.

गुरुवार, ६

खुशाल विहारात आला. दारातच उभा. "काकाजी, बाकीच्या जमते. देव न मानाच्या नाही जमत. आई गौरीपुढं दिवा लावते तवा हात जुडतेच माहे. इथं नाही म्हनू अन् घरी जोडू?"

तृप्तीला माहीत आहे का, मी विचारलं.

"तिनंच धाडलं. म्हने, तोंड पाडून बसू नोको, जाय!"

दीक्षा देणार नाही, असं मी सांगितलं. त्याला हायसं वाटलं. मला नाही.

शुक्रवार, ७

दादा भडकले. "साऱ्यायले देतेस, माह्याच जवायाले काहून नाही?"

त्याला पटत नाही, दादा.

"पटते कोनाले! म्हनून टाकाच्या." मग शांतपणे — "दीक्षेबिगर लगन नाही."

मी खरं जपलं, की पोरीचं लग्न मोडलं?

शनिवार, ८

संध्याकाळी तृप्ती आली. मागे दादा.

"काका, बाबाले दीक्षाच पायजे ना? मंग माही घ्या. मले जन्मापासून बौद्ध धरूनच चालले सारे. पटते का, विचारलं कोनं? खुशाल मांगं बसन. त्याचं त्याच्या मनानं."

दादा जमिनीकडे पाहत म्हणाले, "मले बी कोनं नाही विचारलं." मग — "लगनाची तारीख तीच ठेवू."

मी कितीजणांकडून प्रतिज्ञा म्हणवून घेतल्या! मलाही कोणी विचारलं नव्हतं. मीही स्वतःला नाही.

दीक्षा द्यायला उद्या पहाटे भिक्खू भन्तेजींना आणायला जायचं. मी घेणाऱ्यांत बसणार आहे.